संक्षेपाचा प्रश्न : बहुसांस्कृतिक व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली आणि संगमनेरची साक्ष

१

मनुष्यस्वभावाच्या एखाद्या अंगाचे मापन करावयाचे तर प्रश्नांची एक यादी तयार करावी, ती पुष्कळांपुढे ठेवावी आणि मिळालेल्या उत्तरांवरून प्रत्येकाच्या ठिकाणी तो गुण कितपत आहे हे ठरवावे, ही रीत मानसशास्त्रात रूढ होऊन आता शतक उलटले आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यासाठी रॉबर्ट वुडवर्थ यांनी तयार केलेल्या यादीत ११६ प्रश्न होते. पुढे अशा याद्या वाढत गेल्या आणि त्यांबरोबर एक ओढाताणही वाढत गेली. संशोधकाला यादी लांब हवी असते, कारण प्रश्न जितके अधिक तितका योगायोगाचा अंश कमी. उत्तर देणाऱ्याला ती आखूड हवी असते, कारण वेळ त्याचा खर्च होतो. म्हणून बहुतेक प्रत्येक मोठ्या प्रश्नावलीच्या पाठोपाठ तिची संक्षिप्त आवृत्ती येते.

असाच एक संक्षेप प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. परक्या समाजात मिसळून राहण्याची, तेथे काम करण्याची जी पात्रता माणसाच्या ठिकाणी असते, तिचे मापन करणारी ही प्रश्नावली होय. इतिहासाच्या अभ्यासकाने या क्षेत्रात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, कोणता प्रश्न ठेवावा व कोणता गाळावा हा निर्णय केवळ गणिताचा कधीच नसतो. आपल्या प्रांतात गेली दोनशे वर्षे समाजाला प्रश्न विचारले जात आहेत आणि उत्तरांचे संक्षेप होत आहेत. त्या संक्षेपांत काय टिकले आणि काय निसटले हे इतिहासाला ठाऊक आहे, आणि नव्या प्रश्नावलीचा मराठी संक्षेप करू पाहणाऱ्याने ते आधी विचारात घेणे इष्ट आहे.

२

प्रथम मूळ साधनाची ओळख करून घेऊ. 'बहुसांस्कृतिक व्यक्तिमत्त्व प्रश्नावली' ही नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाशी संबंधित असलेल्या कारेन व्हान डर झे आणि यान पीटर व्हान औडेनहोवेन या दोन संशोधकांनी तयार केली. तीविषयीचा त्यांचा मूळ लेख २००० साली प्रसिद्ध झाला. नोकरीसाठी वा शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांपैकी कोण तेथे रुळतो आणि कोण खचतो, हा त्यांच्यापुढील व्यावहारिक प्रश्न होता. त्यांनी पाच गुण निश्चित केले : सांस्कृतिक समानुभूती, मनाचा मोकळेपणा, सामाजिक पुढाकार, भावनिक स्थैर्य आणि लवचीकपणा. या पाचांसाठी प्रश्नावलीच्या पूर्ण रूपात अनुक्रमे १८, १८, १७, २० व १८ अशी एकंदर ९१ विधाने आहेत. प्रत्येक विधान आपणांस कितपत लागू पडते हे उत्तर देणाऱ्याने पाच पायऱ्यांवर सांगावयाचे असते. २०१३ साली त्याच दोघांनी जोसेफ पॉन्टेरोटो व अलेक्झांडर फीट्झर यांच्या सहकार्याने हिचे संक्षिप्त रूप प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक गुणासाठी ८ याप्रमाणे ४० विधाने राहिली.

या कपातीची किंमत काय, हे एका जुन्या सूत्राने सांगता येते. चार्ल्स स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन यांनी १९१० साली स्वतंत्रपणे मांडलेल्या या सूत्रानुसार, एखाद्या गुणाच्या १८ विधानांची विश्वसनीयता ०.९० असेल आणि त्यांतील ८ च विधाने ठेवली, तर विश्वसनीयता ०.८० वर येते. म्हणजे निम्म्याहून अधिक विधाने गेली, तरी विश्वसनीयतेचा एक नवमांशच गेला. वेळेची बचत लक्षात घेता हा सौदा कोणालाही किफायतशीर वाटेल. शिवाय शिल्लक विधाने नीट निवडली तर ही घट याहूनही कमी करता येते.

परंतु 'नीट निवडणे' या शब्दांतच खरी अडचण आहे. सामान्यतः ज्या विधानाचा बाकीच्या विधानांशी सहसंबंध अधिक ते ठेवतात, ज्याचा कमी ते गाळतात. याचा परिणाम असा होतो की, एकमेकांसारखी विधाने राहतात आणि कोपऱ्यातले, निराळ्या प्रसंगाविषयीचे विधान प्रथम बाहेर पडते. विश्वसनीयतेचा आकडा चांगला दिसतो, पण मोजला जाणारा गुण मात्र अरुंद होतो. जेन लोव्हिंगर यांनी १९५४ साली या विरोधाभासाकडे लक्ष वेधले होते. २००० साली ग्रेगरी स्मिथ, डेनिस मॅकार्थी व क्रिस्टन अँडरसन यांनी संक्षिप्त प्रश्नावल्या तयार करताना होणाऱ्या 'पापांची' यादीच दिली. त्या यादीतील एक मुख्य दोष हाच होय : मूळ प्रश्नावलीने व्यापलेले क्षेत्र संक्षेपाने व्यापले आहे की नाही, हे न पाहणे. विश्वसनीयतेतील घट मोजता येते. क्षेत्रातील घट मात्र आकड्यांत दिसत नाही. ती कशी घडते हे पाहण्यासाठी आपल्याच प्रांताच्या इतिहासाकडे वळले पाहिजे.

३

पेशवाईचा अंत झाल्यावर दख्खनचे कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी जिंकलेल्या मुलखाचा अहवाल १८१९ साली सादर केला. त्यांनी व त्यांच्यामागून आलेल्या विल्यम चॅप्लिन यांनी आपल्या हाताखालील कलेक्टरांकडून माहिती मागविली. प्रश्न वसुलाचे, वतनांचे, पोलिसांचे, न्यायाचे. नगरचे कलेक्टर हेन्री पॉटिंजर हे होते आणि संगमनेर त्यांच्याच कक्षेत येत होते. येथे उत्तर देणारा एकक जिल्हा होता. जिल्ह्याच्या तोंडून बोलावयाचे म्हणजे गावे, जाती, माणसे या सर्वांचे एकच उत्तर करावयाचे. राज्यकारभाराला तेवढे पुरेसे होते.

दुसरा टप्पा आर्थर स्टील यांचा. दख्खनमधील हिंदू जातींचे कायदे व चालीरीती यांवरील त्यांचा ग्रंथ १८२७ साली छापला गेला. त्याच्या नावातच 'सारांश' हा शब्द आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. येथे शास्त्र्यांना आणि जातींच्या मंडळींना विचारणा झाली. विवाह, दत्तक, वारसा, जातीबाहेर टाकणे या बाबतींत तुमची वहिवाट काय, असे प्रश्न होते. उत्तर देणारा एकक आता जात झाला. जातीने काय करावे हे त्यातून कळले. परंतु एका जातीचा मनुष्य दुसऱ्या जातीच्या मनुष्याशी प्रत्यक्षात कसा वागतो, हे कळण्याचा मार्ग अशा प्रश्नांत नव्हता. दोन कप्प्यांच्या मधली जागा विचारणाऱ्याच्या दृष्टीसच पडत नव्हती.

तिसरा टप्पा शाळामास्तरांचा. संस्कृतचे जाणकार असलेले ए. एम. टी. जॅक्सन यांनी लोकसमजुतींविषयी प्रश्नांची यादी मुंबई इलाख्यातील शाळांच्या मास्तरांकडे पाठविण्याची योजना केली. १९०९ साली, संगमनेरच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्याचे कलेक्टर असताना, त्यांचा वध झाला. आलेली उत्तरे पुढे आर. ई. एन्थोव्हेन यांनी संकलित करून छापली. येथे उत्तर देणारा एकक गाव झाला आणि गावाच्या वतीने बोलणारा मास्तर. ही सामग्री आजही मोलाची आहे. पण तिच्यातही गावातील बाई, गावाबाहेरचा मनुष्य, दोन भाषा बोलणारे घर यांची उत्तरे मास्तरांच्या लेखणीतून गाळूनच येतात.

या सर्वांहून बोलका दाखला १९११ च्या खानेसुमारीचा आहे. धर्म कोणता, या प्रश्नास एकच उत्तर अपेक्षित होते. मुंबई इलाख्यात गुजरातेतील काही समूहांची राहणी व उपासना दोन्ही परंपरांना धरून असल्यामुळे प्रांतिक अधिकाऱ्यांनी त्यांची नोंद 'हिंदु-मुसलमान' अशी केली. खानेसुमारीचे मुख्य कमिशनर ई. ए. गेट यांना हे रुचले नाही. अशांना या ना त्या एका कप्प्यात घालावयास हवे होते, असा त्यांचा अभिप्राय पडला. कारकुनी सोयीच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण ज्यांना आज आपण बहुसांस्कृतिक म्हणू, नेमकी तीच माणसे या सोयीपायी कोष्टकातून नाहीशी होतात.

चारही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. संक्षेप करताना प्रथम गळते ते मधले, मिश्र, दोन्हीकडे नाते असलेले. ते गळते, कारण बाकीच्या उत्तरांशी ते जुळत नाही. सहसंबंध कमी म्हणून विधान गाळणाऱ्या आजच्या संशोधकाच्या हातून हीच गोष्ट, अधिक सुबक गणिताने, घडण्याचा संभव आहे.

४

आता संगमनेर. प्रवरा, म्हाळुंगी आणि नाटकी यांच्या संगमावर वसलेले हे गाव निजामशाही, मोगल, मराठे अशा अनेक सत्तांखाली नांदले. पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता येथून जातो, आणि पश्चिमेस अकोल्याच्या बाजूचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील महादेव कोळी व ठाकर माणसे, बाजारपेठेतील मारवाडी व्यापारी, घरी तेलुगू बोलणारे पद्मशाली, मोमीन, शेतकरी मराठे, आणि उसाच्या हंगामात दरवर्षी येऊन राहणारे तोडकरी अशी ही सरमिसळ आहे. विडीच्या धंद्याने येथील हजारो स्त्रियांना काम दिले. पाने व तंबाखू घरी आणावी, विड्या वळाव्या, आणि हजारी हिशेबाने कारखान्यात मोजून द्याव्या. अशी बाई परदेशी कधी गेली नसेल. पण घरात एक भाषा, कारखान्यात दुसरी, आणि शेजारणीच्या सणावाराची तिसरीच रीत, हे सर्व तिच्या नित्याच्या व्यवहारात असते.

या गावाच्या इतिहासातील सर्वांत परिचित व्यक्ती म्हणजे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९). आडनाव घोलप, जात ब्राह्मण. मलिक फंदी नावाच्या एका फकिराशी त्याची दाट मैत्री होती आणि त्यावरूनच लोक त्यालाही 'फंदी' म्हणू लागले, असे परंपरा सांगते. पुढे अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशावरून तो तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला, अशीही कथा आहे. दंतकथेचा अंश वजा केला तरी एवढे उरते की, मित्राच्या नावाने ओळखले जाणे त्याला कमीपणाचे वाटले नाही, आणि लोकांनीही ते नाव प्रेमाने टिकविले. तो वारला त्याच वर्षी एल्फिन्स्टन यांचा अहवाल सादर झाला. वसूल आणि वतन यांविषयीच्या प्रश्नांत अशा मैत्रीची नोंद होण्यास जागा नव्हती. आमचा प्रश्न असा की, आजच्या ४० विधानांत तरी ती आहे काय?

सरळ भाषांतर केले तर ती सापडणे कठीण आहे. मूळ प्रश्नावलीची पार्श्वभूमी देशांतराची आहे. तेथे 'दुसरी संस्कृती' सीमेपलीकडे असते आणि माणूस तिच्याकडे जातो. संगमनेरात ती बोळाच्या पलीकडे असते आणि माणूस तिच्यासह जन्मतो. प्रवासाची हौस, नावीन्याची आवड, अनोळखी माणसांत मिसळणे यांवरील उत्तरांत विडी वळणारी बाई मागे पडेल. परंतु तिच्याजवळ जे आहे ते त्या शब्दांत तिला विचारलेच गेलेले नसेल.

भाषेची अडचण याहून सूक्ष्म आहे. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद इंग्रजीत वा डचमध्ये नाही. मराठीत विधान लिहिताना या दोहोंपैकी एक शब्द निवडावाच लागतो, आणि तो निवडताच ऐकणारा आत आहे की बाहेर हे ठरून जाते. 'सामाजिक पुढाकार' हा तेथे निखळ गुण आहे. येथे सुनेने पुढाकार घेतला तर 'पुढे पुढे करते' असे म्हणतात, आणि ती स्वतःविषयी तसे विधान मान्य करण्यास कचरेल. 'लवचीकपणा' हा शब्द कित्येकांना तत्त्वशून्यतेचा वास असलेला वाटेल. आणि आत्मस्तुती टाळणे हा संस्कार असलेल्या समाजात 'मला हे विधान पूर्णपणे लागू पडते' असे म्हणणे हेच मुळी असभ्य ठरते. अशा स्थितीत कमी गुण म्हणजे कमी पात्रता असे समजणे धोक्याचे आहे.

मोजपट्टीच्या पायऱ्याही जागोजाग बदलतात. एमरी बोगार्डस यांनी १९२५ साली सामाजिक अंतर मोजण्याची जी सात पायऱ्यांची श्रेणी दिली, तिच्यात विवाह, मैत्री, शेजार, धंद्यातील सहवास अशा पायऱ्या एकाखाली एक येतात. जो वरची पायरी मान्य करतो तो खालच्या मान्य करतोच, असे गृहीत असते. आपल्याकडे 'रोटीव्यवहार' आणि 'बेटीव्यवहार' ही देशी श्रेणी शतकानुशतके वापरात होती, आणि तिच्यातील अंतरे निराळी होती. शेतावर जन्मभर एकमेकांच्या भरवशावर काम करणारे दोघे एका पंक्तीस बसत नसत. उलट, मित्राचे नाव घेणाऱ्या शाहिराने त्याच्या घरी सोयरीक केली नाही. इरावती कर्वे व य. भा. दामले यांनी ग्रामसमाजातील गटसंबंधांवर केलेला अभ्यास डेक्कन कॉलेजने १९६३ साली प्रसिद्ध केला. कोणत्या व्यवहारात कोण कोणाच्या जवळ असतो हे निरनिराळे पाहिले पाहिजे, हा धडा त्या प्रकारच्या संशोधनातून मिळतो. एका आकड्यात तो सामावत नाही.

गुण कालाबरोबर बदलतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. नगर जिल्ह्यातच त्याचे उत्तम साधन आहे. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधल्या काळात सोवळे-ओवळे, जेवण, पाणी यांविषयी त्यांचे मन टप्प्याटप्प्याने कसे बदलत गेले हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास माहीत आहे. १८९५ साली त्यांना 'आपण परधर्मीयांबरोबर सहज मिसळता काय' असे विचारले असते, तर काय उत्तर आले असते? नकारच. आणि तो नकार खरा असूनही त्या बाईंच्या ठिकाणच्या सामर्थ्याविषयी तो काहीच सांगू शकला नसता.

५

यावरून संक्षिप्त प्रश्नावली नकोच, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ती हवी आहे, आणि संगमनेरसारख्या ठिकाणी तर अधिकच हवी आहे. ज्या बाईची मजुरी विड्यांच्या हजारी हिशेबाने ठरते तिच्यापुढे ९१ विधाने ठेवणे म्हणजे तिच्या मजुरीतून संशोधनाचा खर्च काढणे होय. लांब प्रश्नावलीला सवड असलेलेच उत्तर देतात, आणि मग सवड असलेल्यांचाच स्वभाव सर्वांचा म्हणून छापला जातो. संक्षेप हा येथे न्यायाचाही प्रश्न आहे. वाद आहे तो संक्षेप कोणत्या क्रमाने करावा याविषयी.

आमच्या मते तो क्रम पुढीलप्रमाणे असावा. पहिली गोष्ट, आखूड करण्यापूर्वी यादी रुंद करावी. परदेशगमनाच्या प्रसंगांबरोबर येथील प्रसंग घ्यावे : बाजारातील उधारी, पाण्याची जागा, भाड्याने घर देणे, परस्परांचे उपास व सण, आजारपणातील मदत, लग्नाचे आमंत्रण, मुलांची शाळा. ही विधाने निरनिराळ्या वस्त्यांतील स्त्रीपुरुषांशी बोलून, त्यांच्याच शब्दांत लिहावी. दुसरी गोष्ट, गाळताना प्रत्येक प्रसंगक्षेत्रातून निदान एक विधान राहील असा नियम प्रथम करावा, आणि सहसंबंधाची कसोटी त्या मर्यादेच्या आत लावावी. विश्वसनीयता थोडी उतरली तरी चालेल. क्षेत्र उतरता कामा नये. तिसरी गोष्ट, दीर्घ रूपातून ४० उत्तरे वेचून काढून ती संक्षिप्त रूपाची परीक्षा झाली असे मानू नये. दोन्ही रूपे त्याच माणसांना स्वतंत्रपणे, काही अंतराने द्यावी. स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीवर भर दिला आहे. आणि चौथी गोष्ट, ज्यांची उत्तरे कोणत्याच साच्यात बसत नाहीत त्यांना 'सदोष' म्हणून बाजूस न सारता त्यांच्याशी पुन्हा बोलावे. १९११ साली ज्यांना एका कप्प्यात ढकलणे सोयीचे वाटले, तशीच माणसे तेथे भेटण्याचा संभव आहे.

हे काम कोणी करावे? संगमनेरात १९६१ पासून महाविद्यालय आहे, आणि त्याच गावातील वाडीवस्तीची, पेठेतील व डोंगराकडील मुले तेथे शिकत आली आहेत. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा यांत कलेक्टर-रयतेचे अंतर राहणार नाही, अशी सोय एल्फिन्स्टन यांच्यापाशी नव्हती, स्टील यांच्यापाशी नव्हती, जॅक्सन यांच्यापाशी काही अंशीच होती. आजच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यापाशी ती पूर्णपणे आहे. तिचा उपयोग झाला पाहिजे.

कारण अशा प्रश्नावल्या अभ्यासाच्या दालनात थांबत नाहीत. त्यांवरून शिक्षक, परिचारिका, अधिकारी निवडावे, असे सुचविणारे पुढे येतातच. त्या वेळी ज्याला गुण कमी पडले तो 'संकुचित' ठरेल आणि त्याला अपील करण्यास जागा उरणार नाही. मित्राच्या नावावरून स्वतःची ओळख पत्करणाऱ्या माणसाला जी मोजपट्टी नापास करील, ती संगमनेरात वापरण्यापूर्वी तिचीच परीक्षा झाली पाहिजे. चाळीस विधाने पुरेशी आहेत; ती कोणती असावीत हे मात्र येथील माणसांना विचारूनच ठरवावे लागेल.